नाणे आणि मोटार : संग्राह्य वस्तूंमधील गुंतवणूक



बचत आणि अर्थव्यवहार या विषयावरील एका ग्रंथाचा अनुवाद करीत असताना त्यातील एका प्रकरणाविषयी माझ्या मनात शंका होती. ते प्रकरण संग्राह्य वस्तूंविषयीचे होते आणि त्यातील उदाहरणे बहुतांशी युरोप-अमेरिकेतील लिलावांची होती. आपल्याकडील वाचकाला ती परकी वाटतील असा माझा समज होता. परंतु वाचकांकडून सर्वाधिक प्रश्न आले ते नेमके याच प्रकरणाविषयी. त्यांतला एक प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला : पैसा ठेवायचाच तर तो दुर्मिळ नाण्यांत ठेवावा की जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये? विचारणाऱ्यांपैकी कितीजण इटालियन मोटार घेण्याच्या स्थितीत असतील, हा भाग निराळा. पण जुन्या नाण्यांची एखादी पुरचुंडी ज्या घरात नाही असे घर विरळाच. म्हणून हा प्रश्न मी गंभीरपणे घेतला आहे. ‘स्पोर्ट्स कार’साठी ‘क्रीडामोटार’ असा शब्द घडवून पाहिला होता. तो कानाला रुचेना, तेव्हा लोकांच्या तोंडी असलेला शब्दच मी वापरणार आहे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेऊ. शेत पीक देते, घर भाडे देते, समभाग लाभांश देतो, बँकेतील ठेव व्याज देते. नाणे तिजोरीत ठेवले तर वर्षअखेर एकाचे सव्वा होत नाही, आणि मोटार ठेवली तर उलट तीच खर्च मागते. या दोहोंपासून होणारा लाभ एकाच मार्गाने होऊ शकतो : आपण दिली त्याहून अधिक किंमत देणारा दुसरा मनुष्य भेटला पाहिजे. त्या मनुष्याला ती वस्तू का हवीशी वाटावी, हा अर्थशास्त्राहून अधिक रुचीचा, फॅशनचा आणि स्मृतीचा प्रश्न आहे. आपल्या भाषेतील ‘गुंतवणूक’ हा शब्द मला या बाबतीत फार प्रामाणिक वाटतो. पैसा वाढतो असे तो म्हणत नाही. पैसा गुंततो एवढेच म्हणतो.

आता मोटारीकडे वळू. या क्षेत्रात ज्या एका गाडीचे नाव सर्वांच्या तोंडी असते ती म्हणजे फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात तिच्या अवघ्या ३६ गाड्या तयार झाल्या. तीन लिटरचे, बारा सिलिंडरचे इंजिन आणि हातांनी ठोकून घडविलेले अॅल्युमिनियमचे अंग असलेली ही गाडी शर्यतीसाठी होती. अमेरिकेत नवी असताना तिची किंमत सुमारे १८ हजार डॉलर होती. शर्यतीची गाडी दोन-तीन हंगामांत मागे पडते. त्यामुळे साठीच्या दशकाच्या अखेरीस या गाड्या जुन्या, गोंगाट करणाऱ्या आणि रोजच्या वापरास गैरसोयीच्या वस्तू म्हणून अत्यल्प भावात हस्तांतरित होत होत्या. त्यांपैकी एक तर तिच्या मालकाने टेक्सासमधील एका शाळेला, मुलांना मोटार-दुरुस्ती शिकविण्यासाठी, देऊन टाकली होती. शाळेने ती १९७२ मध्ये ६,५०० डॉलरांना विकली. नव्या मालकाने ती ओहायो राज्यात नेली. तेथे सुमारे पंधरा वर्षे ती एका उघड्या गाड्यावर, शेतात, ऊन-पाऊस-बर्फ खात उभी होती. १९८८ साली ती विकली गेली तेव्हा जगातील श्रीमंत संग्राहक तिच्या मागे लागलेले होते.

१९८८ हे साल येथे योगायोगाने येत नाही. त्या वर्षी १४ ऑगस्टला एन्झो फेरारी यांचे निधन झाले. यापुढे या हाताखालून गाड्या यायच्या नाहीत, या भावनेने मागणी एकाएकी उसळली. त्याच सुमारास जपानमध्ये जमिनीचे आणि समभागांचे भाव गगनाला भिडले होते आणि कर्ज स्वस्त होते. १९८९ च्या अखेरीस एक २५० जीटीओ सुमारे १ कोटी ४६ लाख डॉलरांना जपानी ग्राहकाकडे गेली. पुढे जपानमधील फुगा फुटला. १९९४ मध्ये तीच गाडी सुमारे ३५ लाख डॉलरांना विकली गेली असे नमूद आहे. पाच वर्षांत तीन-चतुर्थांश मूल्य नाहीसे झाले. गाडीत कोणताही बिघाड झाला नव्हता. बिघडला होता तो बाजार.

तथापि कथा तेथे संपत नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील लिलावात एका २५० जीटीओला ३ कोटी ८१ लाख डॉलर आले, २०१८ मध्ये दुसरीला ४ कोटी ८४ लाख, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे याच कुळातील १९६२ च्या एका गाडीला ५ कोटी १७ लाख. त्याही पलीकडचा उच्चांक २०२२ च्या मे महिन्यात स्टुटगार्टमध्ये झाला. १९५५ साली केवळ दोनच तयार झालेल्या मर्सिडीझ ३०० एसएलआर ‘उलेनहाउट कूपे’पैकी एक १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. हे आकडे वृत्तपत्रांत ठळक छापून येतात आणि ते वाचून मनुष्य हिशेब करू लागतो. पण हिशेब पुरा करावा. १९८९ च्या शिखरावर १ कोटी ४६ लाख देणाऱ्याने, समजा, धीर धरून गाडी २०१८ पर्यंत ठेवली असती आणि त्या वर्षीचा ४ कोटी ८४ लाखांचा भाव त्याला मिळाला असता, तर चक्रवाढीने वर्षाला जेमतेम चार टक्क्यांच्या आसपास वाढ पडते. त्यातून एकोणतीस वर्षांचा विमा, गॅरेज आणि कारागिरांची बिले वजा करावयाची. हे इतिहासातील सर्वांत यशस्वी गाडीचे गणित आहे. त्याच काळातील इतर शेकडो सुंदर गाड्यांचे नाव कोणी घेत नाही, कारण त्यांच्या विक्रीची बातमी होत नाही.

नाण्यांकडे आल्यावर कथा अधिक गुंतागुंतीची होते, आणि मला स्वतःला ती अधिक रंजकही वाटते. अमेरिकेच्या टांकसाळीत १९३३ साली ‘डबल ईगल’ या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचे ४,४५,५०० नग पाडण्यात आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांनी बाळगलेले सोने सरकारजमा करण्याचा आदेश काढला. नवी नाणी चलनात न आणताच वितळवून टाकण्यात आली. दोन संग्रहालयासाठी राखण्यात आली. तरीही काही नाणी टांकसाळीतून बाहेर पडलीच. त्यांतील एक इजिप्तचा राजा फारूक याच्यासाठी विकत घेण्यात आले, आणि गंमत अशी की, १९४४ साली अमेरिकन सरकारनेच त्याला निर्यातीचा रीतसर परवाना देऊन टाकला. फारूक १९५२ मध्ये पदच्युत झाला. १९५४ मध्ये कैरो येथे त्याचा संग्रह लिलावात निघाला, तेव्हा अमेरिकेच्या विनंतीवरून हे नाणे मागे घेण्यात आले आणि नंतर ते अदृश्य झाले. १९९६ साली न्यूयॉर्कमधील एका प्रसिद्ध हॉटेलात एका ब्रिटिश व्यापाऱ्याकडून ते विकले जात असताना सरकारी गुप्तचरांनी जप्त केले. कज्जा चालू असता ते वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील सरकारी तिजोरीत होते. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या थोडेच आधी ते तेथून हलविण्यात आले होते.

तडजोड होऊन २००२ च्या जुलैमध्ये नाण्याचा लिलाव झाला. किंमत आली ७५ लाख ९० हजार डॉलर आणि वर वीस डॉलर. हे वरचे वीस डॉलर कशासाठी? नाणे कधीच अधिकृतपणे चलनात आलेले नव्हते, म्हणून ग्राहकाने त्याचे दर्शनी मूल्य सरकारी खजिन्यात भरले आणि मग ते कायदेशीर नाणे झाले. जून २०२१ मध्ये तेच नाणे १ कोटी ८९ लाख डॉलरांना विकले गेले. नाण्यासाठी तोवर लिलावात मिळालेली ती सर्वोच्च किंमत होती. ऐकणाऱ्याचे डोळे दिपतात. पण येथेही पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. एकोणीस वर्षांत किंमत अडीच पट झाली, म्हणजे वर्षाला सुमारे पाच टक्के. याच एकोणीस वर्षांत सोन्याचा जागतिक भाव औंसाला तीनशेहून थोड्या अधिक डॉलरांवरून एकोणीसशेच्या घरात गेला, म्हणजे सहा पट झाला. जगातील सर्वांत प्रसिद्ध सोन्याच्या नाण्याहून, इतिहास नसलेली साधी लगड अधिक फळली!

दुसरे उदाहरण १७९४ च्या अमेरिकन चांदीच्या डॉलरचे. त्याच्या अत्युत्तम नगाला जानेवारी २०१३ मध्ये १ कोटी १६ हजारांहून अधिक डॉलर आले. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो लास वेगास येथे पुन्हा लिलावास काढला असता अपेक्षित बोली आलीच नाही. अखेर जानेवारी २०२२ मध्ये तो १ कोटी २० लाखांना गेला. नऊ वर्षांत वीस टक्के वाढ. आणि त्याच नऊ वर्षांत अमेरिकेतील सर्वसाधारण महागाईच बावीस टक्क्यांच्या आसपास वाढली होती. शिवाय लिलावांच्या अशा किमतींत बहुधा लिलावगृहाचे शुल्क धरलेले असते. नाण्यांच्या लिलावात ते बोलीवर वीस टक्क्यांपर्यंत जाते, मोटारींत साधारण दहा-बारा टक्के. वृत्तपत्रात छापलेली रक्कम विकणाऱ्याच्या हाती पडत नाही. आपल्याकडे सराफ दागिना मोडीत घेताना घडणावळ धरीत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. येथेही तोच प्रकार, फक्त मखमलीवर मांडलेला.

आणखी एक गोष्ट. अशा वस्तू समभागांशी संबंध न ठेवता स्वतंत्रपणे चढउतार करतात, म्हणून संकटकाळी त्या आधार देतात, असे विक्रेते सांगतात. १९८९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या काही बड्या वित्तसंस्थांनी नाण्यांसाठी खास निधी उभारले आणि भाव भडकले. अपेक्षित पैसा आला नाही आणि १९९० मध्ये ते कोसळले. मोटारींचा फुगाही त्याच वेळी फुटला. ज्यांनी मोटारीचा आधार म्हणून नाणी घेतली असतील, त्यांचे दोन्ही आधार एकाच हंगामात गेले. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये चित्रांच्या तीन शतकांतील विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. महागाई वजा जाता वार्षिक लाभ अर्ध्या टक्क्याच्या किंचित वर, असा त्याचा निष्कर्ष होता. नाणी व मोटारी चित्रे नव्हेत हे खरे. पण व्याज न देणाऱ्या सुंदर वस्तूंची जात एकच.

सांभाळण्याच्या बाबतीत मात्र नाण्याची बाजू निःसंशय वरचढ आहे. नाणे मुठीत मावते, बँकेच्या लॉकरमध्ये राहते. मोटारीला जागा हवी, कोरडी हवा हवी. ती चालविली तर झिजते आणि न चालविली तर रबर कडक होते, इंधन साकळते, इंजिन जाम होते. नाण्याचे एकच पथ्य आहे, आणि ते नेमके आपल्याकडे पाळले जात नाही : त्याला घासू नये. चिंच किंवा राख लावून लख्ख केलेले जुने नाणे पाहिले की संग्राहक हळहळतो. शतकभरात जमलेला काळसर रंग हाच त्याच्या अस्सलपणाचा साक्षीदार. तो गेला की किंमतही गेली. नाण्याची प्रत १ ते ७० या मापावर ठरविण्याची पद्धत विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये सुचविली आणि १९८६ नंतर अमेरिकेतील संस्था प्रमाणित नाणी मोहोरबंद पेटीत घालून देऊ लागल्या. या मापावरच्या एका अंकाच्या फरकाने किंमत दुप्पट होऊ शकते. हा अंक मनुष्यच ठरवितो, हे विसरू नये.

अस्सलपणाइतकाच मालकीचाही प्रश्न असतो. सीझरच्या वधाचे स्मारक म्हणून ब्रूटसने पाडलेले, दोन खंजीर आणि मुक्त दासाची टोपी असलेले सोन्याचे नाणे ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या एका लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरांना विकले गेले. नाणे खरे होते. त्याच्या पूर्वमालकीचे कागद खोटे होते. २०२३ मध्ये अमेरिकेतील तपासयंत्रणेने ते ग्रीसला परत केले. त्यातील सोने, त्यावरचा ठसा, दोन हजार वर्षांचा इतिहास, सारे जागच्या जागी होते. एक कागद तेवढा टिकला नाही. मोटारीत हेच काम सांगाड्यावरील क्रमांक करतो.

आपल्या देशापुरते पाहता कायद्याने या दोन्ही वाटांवर आपापली फाटके बसविली आहेत. १९७२ च्या पुराणवस्तू व कलानिधी अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुराणवस्तू होय आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कचे भाव वाचून येथील संग्राहकाने हुरळून जाण्यात अर्थ नाही. त्याचा ग्राहक देशातच असतो. शेत नांगरताना दहा रुपये वा अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. याच मार्गाने अभ्यासकांच्या हाती आलेल्या साठ्यांनी आपला इतिहास घडविला आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी बहुसंख्य नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा उमटविलेला आढळला. कोणी हरला आणि कोणी जिंकला, हे त्या नाण्यांनीच सांगितले. ती एकेक करून बाजारात फुटली असती तर त्यांच्या मालकांना थोडे पैसे मिळाले असते, आणि हे ज्ञान कोणालाच मिळाले नसते. जहांगीराने १६१३ मध्ये पाडलेली सुमारे बारा किलोंची, हजार मोहरांची सुवर्णमुद्रा १९८७ साली जिनिव्हा येथे लिलावास निघाली होती. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला, पण ती हाती आली नाही.

करांच्या बाबतीत एक निवाडा सांगण्याजोगा आहे. स्वतःच्या वापरातील वस्तू विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागत नाही, असे प्राप्तिकराचे तत्त्व आहे. धोलपूरच्या महाराजांनी विकलेली सोन्याची व चांदीची नाणी लक्ष्मीपूजनात वापरली जात, म्हणून ती वैयक्तिक वापराची धरावीत, असा त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये तो अमान्य केला : वर्षातून एखादे वेळी पूजेला काढलेली नाणी नित्य वापरातील ठरत नाहीत. घरची मोटार मात्र वैयक्तिक वापराच्या वस्तूंत मोडते. ब्रिटनमध्ये तर प्रवासी मोटारीवर भांडवली नफ्याचा कर मुळातच नाही, कारण मोटार ही झिजणारी वस्तू असे कायदा मानतो. झिजणारी वस्तू पाच कोटींना जाते, हे कायद्याच्या कल्पनेत आले नसावे! पण आपल्याकडे त्या वाटेवर वेगळा अडसर होता. २०२५ पर्यंत १९५० पूर्वीच्याच जुन्या गाड्या अशा सवलतीने आयात करता येत. त्या वर्षी ही अट पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांपर्यंत सैल झाली. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीची स्वतंत्र नोंदणी होते, पण ती रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही.

ज्या पुरचुंडीचा उल्लेख मी आरंभी केला तिच्याकडे आता येतो, कारण नुकसान होते ते तेथेच. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेल्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा जाहिराती आपण पाहिल्या असतील. माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी अशाच एका जाहिरातीला उत्तर दिले. ‘ग्राहक’ लगेच मिळाला. मात्र आधी नोंदणीशुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेच्या परवान्याची फी अशा नावांनी त्यांच्याकडून पैसे घेतले गेले, आणि नाणे शेवटपर्यंत त्यांच्याच कपाटात राहिले. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्पष्ट निवेदन काढले आहे : जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क किंवा दलाली घेत नाही आणि कोणासही तसा अधिकार देत नाही.

जुने म्हणजे मौल्यवान नव्हे, आणि कुतूहलजनक म्हणजेही मौल्यवान नव्हे. १९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरील पदकात हत्ती कोरलेला होता. तो लोकांना डुकरासारखा दिसला आणि क्षोभ झाला. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यांपैकी सात लाखांच्या आसपास बाहेर पडले होते. उरलेले वितळवून पुढील वर्षी हत्तीची सोंड ठळक करण्यात आली. इतकी सुरस कथा असूनही साधारण प्रतीच्या या रुपयाची किंमत हजारांतच राहते, कारण सात लाख हा आकडा संग्राहकांना पुरून उरणारा आहे. याउलट मुंबईच्या टांकसाळीचा १९३९ चा रुपया दिसायला अगदी सामान्य, पण खरोखर दुर्मिळ; म्हणूनच १९३८ च्या रुपयातील शेवटचा आकडा कोरून त्याचे ‘१९३९’ करणारे कारागीर निर्माण झाले.

तेव्हा मला विचारलेच तर माझे मत नाण्याच्या बाजूने आहे, परंतु ते गुंतवणूक म्हणून नव्हे. निवृत्तीनंतरच्या उदरनिर्वाहाचा पैसा यांपैकी कशातही घालू नये. त्यासाठी टपाल कार्यालय आणि बँक आहे. त्यावर उरलेल्या रकमेतून ज्याला नाणी घ्यावयाची असतील त्याला शंभर रुपयांपासूनही आरंभ करता येतो, आणि मोटारीचे चतुर्थांश चाक कोणी विकत नाही. नाणे घेण्यापूर्वी पुस्तक घ्यावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि १९१० पासून कार्यरत असलेली भारतीय नाणकशास्त्र परिषद यांची प्रकाशने चांगल्या ग्रंथालयांत मिळतात. विकणाऱ्याकडे पुराणवस्तूंच्या व्यवसायाचा परवाना आहे का हे पाहावे, पावती घ्यावी, आणि ती नाण्याइतकीच जपून ठेवावी. १९३३ च्या डबल ईगलची आणखी दहा नाणी फिलाडेल्फियातील एका कुटुंबाने आपल्या तिजोरीत सापडल्याचे सांगून २००४ मध्ये परीक्षणासाठी टांकसाळीकडे दिली होती. टांकसाळीने ती ठेवूनच घेतली. सुमारे दहा वर्षे खटला चालला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकण्यास नकार दिला, आणि नाणी सरकारकडेच राहिली. फारूकच्या नाण्याजवळ होता तसा परवाना त्यांच्याजवळ नव्हता.